भाकरी फुगेपर्यंत

मी जलीलाचा पितळी खलबत्ता बोलतोय. नीट सांगायचं तर मी खल. बत्ता माझ्याच पोटात आडवा पडलेला असतो, पण चार लोकांत बोलायची वेळ आली की तो मूग गिळून बसतो आणि बोलणं माझ्या गळ्यात पडतं. लोक म्हणतात, अमक्याचं पितळ उघडं पडलं. आमचं पितळ जन्मापासून उघडंच, त्यामुळे मला ती भीती नाही. आता फळीवर बसून बसून काळा पडलोय, आणि बोललो नाही तर माझ्याबरोबर एक गोष्ट मोडीत जाईल, म्हणून बोलतो.

माझा जन्म कैरोच्या तांबटआळीत झाला. वितळलेलं पितळ मातीच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला बाहेर काढून घासलं, आणि म्हाताऱ्या कारागिराने एक टोला हाणून कान लावला. माझा आवाज पार आळीच्या टोकापर्यंत गेला. "याला खेड्यात पाठवा," तो म्हणाला, "शहरात ठेवलात तर शेजारी भांडायला येतील." मला त्याचा फार अभिमान वाटला. आवाजाचा अभिमान मला पुढेही कितीतरी वर्षं होता.

जलीलाच्या बापाने तिच्या रुखवतात ठेवायला मला विकत घेतलं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत गाद्यांच्या वळकटीत खुपसलं. केना शहराच्या पलीकडे, नाईलच्या पश्चिम काठावर, उसाच्या शेतांना लागून अवादचं मातीचं घर होतं. तिथे जलीला नवरी म्हणून आली आणि मी तिच्या मागोमाग.

अवाद दिवसभर उसात राबायचा आणि संध्याकाळी घरी आला की बायकोला चिडवायचा. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "अगं, तुझ्या बापाने खलबत्ता दिलाय की तोफ?"

"तोफच दिलीय," जलीला म्हणाली, "तेव्हा जरा जपून वागा."

सकाळी माझ्यात धणे, जिरं, लसूण. दुपारी मात्र माझं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. जलीलाची आई झाडपाल्याची औषधं द्यायची, ती विद्या लेकीच्या हातात उतरली होती. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीला बडीशेप, खोकल्याला पेरूची वाळलेली पानं, आणि मूतखड्याला खिल्लाच्या बिया. ही खिल्ला म्हणजे कालव्याच्या काठाने वाढणारं, पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं येणारं कोथिंबिरीच्या भावकीतलं झाड. हिच्या काड्यांनी आमच्याकडचे लोक जेवणानंतर दात कोरतात. हिचीच एक बहीण आहे, दिसायला तशीच, पण गुणाने तिखट. तिला म्हणतात सैतानी खिल्ला. अंगावर पांढरे डाग येतात ना, कोड, त्यावर तिच्या बिया चालतात. जलीला या दोघी बहिणींच्या बिया कधीही एका डब्यात ठेवायची नाही, आणि सैतानी खिल्ला कुटून झाली की मला मीठ आणि कोंडा लावून खसाखसा घासायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

गिरणीवाल्याच्या बायकोचे हात त्या बियांनी बरे झालेले मी पाहिले आहेत. आधी पांढऱ्या डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटले, मग ते पसरत पसरत एकमेकांना मिळाले. ती बाई आनंदाने रडली होती आणि मला एक मुका देऊन गेली होती. खलबत्त्याचा मुका घेणारी तिच्याशिवाय दुसरी मला भेटली नाही.

पण नुसती बी खाऊन काही होत नसे. बीनंतर ऊन लागतं, आणि उन्हाचं माप लागतं. आमच्या घरी घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी जलीलाने त्याला विचारलं नसतं. तिचं माप भाकरीचं. आमच्याकडची भाकरी उन्हात फुगते. खमीर घालून मळलेल्या पिठाचे जाड गोळे मातीच्या थाळ्यांवर थापायचे, थाळ्या अंगणात उन्हात मांडायच्या, भाकरी टम्म झाली की खजुरीच्या काट्याने कडेला चीर द्यायची आणि भट्टीत ढकलायची. जलीला भाजायच्या दिवशीच औषध द्यायची. थाळ्या उन्हात गेल्या की माणूस उन्हात बसणार, डाग तेवढा उघडा, बाकी अंग झाकलेलं. भाकरी चीर द्यायला आली की माणूस उठून घरात, आणि मग त्या दिवशी उन्हात पाऊल टाकायचं नाही.

"पण माप भाकरीचंच का, मावशी?" गिरणीवाल्याच्या बायकोने एकदा विचारलं.

"ऊन कडक असलं तर भाकरी लवकर फुगते, तू लवकर उठतेस. ऊन मऊ असलं तर ती वेळ लावते, तूही बस निवांत. उन्हाला तिच्याइतकं कोण ओळखतं?"

तिघा मुलांच्या पाठीवर जलीलाला मुलगी झाली. बदरिया. आमच्याकडे बाळाचा सातवा दिवस म्हणजे माझा मानाचा दिवस. बाळाला चाळणीत निजवतात, आई त्याला ओलांडते, बायका मीठ उधळतात, आणि बाळाच्या कानाजवळ मला ठणाठणा वाजवतात, म्हणजे पुढे ते जगातल्या कुठल्याच आवाजाला भिणार नाही. वाजवता वाजवता त्याला बजावायचं असतं, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" बदरियाच्या वेळी हे काम तिच्या आत्याने, अवादच्या बहिणीने केलं. नबाविया तिचं नाव. तीही आमच्याच अंगणात राहायची, आणि तिचा दंड चांगला भरलेला होता.

"अरे वा!" अवाद दारातून ओरडला, "दाणे मी आणायचे आणि ऐकायचं हिचं?"

"तू आधी स्वतःच्या आईचं ऐकलं असतंस तर बोलायला जागा होती," नबाविया म्हणाली आणि तिने आणखी जोरात टोला हाणला. बायका हसून हसून वाकल्या. बाळ दचकलं, रडलं, मग गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिलं.

बदरिया आईचं ऐकणारीच निघाली. तिला झाड म्हटलं की झाडायची, थांब म्हटलं की थांबायची. बडबडी मात्र फार. मी रिकामा असलो की माझ्यात तोंड घालून स्वतःचंच नाव पुकारायची आणि घुमलेला आवाज ऐकून खिदळायची. मला ती पोर फार आवडायची, हे आता सांगायला काय हरकत आहे.

ती न्हाती-धुती व्हायच्या सुमारास तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा डाग दिसला. पुढे हातांवर आले. जलीलाने आधी डोळेझाक केली. स्वतःच्या पोरीला औषध द्यायचं म्हटलं की वैद्याचा हात कचरतो. पण गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांच्या पाण्याचा रांजण होता. एक दिवस बदरियाने तिथे पाणी पिऊन पेला ठेवला, आणि मागच्या बाईने तो उचलून राखेने घासून विसळला, मगच पाणी प्यायली. जलीलाने ते पाहिलं. घरी येऊन तिने सैतानी खिल्लाचा डबा खाली काढला. त्या बिया तिने माझ्यात कुटल्या. तिला राज्य नको होतं, आपल्या पोरीने तोंड लावलेला पेला कुणी घासू नये एवढंच हवं होतं.

थंडी सरत आली होती. अशा वेळी जलीला नवीन रोगी घेत नसे, कारण पुढचं ऊन वाईट. पण डाग पसरत होता आणि पुढच्या थंडीपर्यंत तिला दम निघेना. दर भाजायच्या दिवशी बदरिया चिमूटभर पूड खायची आणि थाळ्यांशेजारी भिंतीला टेकून बसायची. "मीच एक भाकरी झालेय," ती म्हणायची, "आता चीर तेवढी देऊ नका." आणि गुण येत होता. हातावरच्या एका डागात तीळ उमटले होते. जलीलाने ते बोट लावून लावून पाहिले, नवऱ्याला दाखवले, नणंदेला दाखवले, आणि मला वाटतं, माझ्याकडेही बघून हसली.

मग तो दिवस आला.

दोन घरं सोडून शेजारणीला नातू झाला होता, त्याचा सातवा दिवस. सांगावा आला, "मावशी, तोफ घेऊन या." भाजायचा दिवसही तोच. पहाटे नबावियाने मोठ्या परातीत पीठ मळलं, जलीला न्यायचं मीठ आणि दाणे बांधत होती. एरवी मळलेलं पीठ आधी परातीतच जरा फुगू द्यायच्या. त्या दिवशी घाई होती, लगेच गोळे थापून थाळ्या अंगणात मांडल्या. जलीलाने पोरीला पूड दिली.

"भाकरी फुगली की उठायचं, कडेला चीर द्यायची आणि घरात जायचं. कळलं?"

"कळलं गं आई. मी काय पहिल्यांदा बसतेय?"

मला काखेत मारून जलीला निघाली, मागोमाग नबाविया. मी खुशीत होतो.

काय वाजलो मी त्या दिवशी! बाळाच्या आजीने हातातला बत्ता सोडलाच नाही. "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" पोरं मेणबत्त्या घेऊन घरभर फिरली, मीठ उधळलं, दूधभात झाला, शेंगदाणे-बत्तासे वाटले, आणि कुणीतरी म्हणालं, पुन्हा वाजवा, बाळ झोपलंय. पुन्हा वाजलो. बायका टाळ्या पिटत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. जलीला मध्येच म्हणाली, "पोर केव्हाच घरात गेली असेल, भट्टी पेटवायला जायला हवं," आणि बायकांनी तिला हात धरून खाली बसवलं.

आम्ही परतलो तेव्हा मी तिच्या काखेत होतो, म्हणून सगळ्यांच्या आधी मला अंगण दिसलं. थाळ्यांवरचे गोळे होते तसेच चपटे, वरून वाळून तडे गेलेले. आणि भिंतीशी बदरिया. डोक्यावर शाल, चेहरा आणि हात उघडे. ओठ कोरडे पडले होते.

"आई," ती म्हणाली, "भाकरी फुगलीच नाही."

"अगं पोरी! मग उठली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, फुगली की ऊठ."

मी जलीलाच्या काखेतून निसटलो आणि फरशीवर पडून केवढ्यांदा तरी वाजलो. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. नबाविया धावत आत गेली. खमिराचा वाडगा कोपऱ्यात फडक्याखाली तसाच होता. तो मात्र काठोकाठ फुगून वर आला होता.

"वहिनी, तू घातलं नाहीस?"

"मला वाटलं, वन्सं, तुम्ही घातलंत."

संध्याकाळी नुसती लाली होती. अवाद म्हणाला, दही लावा, निवेल. दुसऱ्या दिवशी फोड आले. गालावर, ओठांवर, दोन्ही हातांवर, आणि अंगात ताप. पोर बडबडायची थांबली. आरोग्य केंद्रातले डॉक्टर शिनूदा सायकलवरून आले. तरुण माणूस, ओरडले नाहीत. त्यांनी जखमा धुतल्या, मलम लावलं आणि विचारलं, "काय दिलं होतं?"

जलीलाने तळहातावर बिया पुढे केल्या. त्यांनी त्या नाकाशी नेल्या.

"मावशी, तुम्ही विष दिलेलं नाही. हे औषध खरं आहे. शहरात याच बियांमधला अर्क काढून याच रोगावर गोळ्या करतात. ही बी कातडीला उन्हाची तहान लावते. बेताचं ऊन मिळालं तर रंग भरतो, जास्त झालं तर कातडी जळते."

"खोटं असतं तर बरं झालं असतं, डॉक्टर," जलीला म्हणाली. "माझी पोर भाजली नसती."

बदरिया वाचली. पण हातांची कातडी आक्रसली आणि गालावर काळपट वण राहिले. ओठाच्या कडेचा तो पांढरा डाग मात्र भरून आला, पूर्ण. रांजणावर तिच्यामागे आता कुणी पेला घासत नव्हतं. बायका तिच्याकडे बघायच्या आणि खाली बघायच्या. मला विचाराल तर राख बरी होती.

जलीलाने सैतानी खिल्लाचा डबा भट्टीत रिकामा केला. पाठोपाठ बाकीचे डबेही. डॉक्टर शिनूदा पुन्हा आले होते. म्हणाले, "मावशी, झाड कुठलं, बी कधी काढायची, किती घ्यायची, एवढं मला दाखवा. ज्यांना कळतं त्यांच्याकडे मी पाठवीन, त्यांच्या उपयोगाचं आहे."

"माझ्या हाताला आता आठवत नाही," जलीला म्हणाली. तिच्या हाताला सगळं आठवत होतं, मला ठाऊक आहे. पुढे गिरणीवाल्याच्या बायकोची भाची आली, मानेवर डाग घेऊन. दारात बसून रडली. जलीलाने दार लावून घेतलं आणि आतल्या बाजूने त्याला टेकून बसून राहिली. त्या भाचीला शहरातल्या गोळ्या मिळाल्या की नाही, मला माहीत नाही.

मला तिने उंच फळीवर पालथं ठेवलं. खाली विजेचा मिक्सर आला. त्याचा आवाज म्हणजे नुसती कुरकुर, पण काम करतो बिचारा. नबाविया गेली, अवाद गेला. त्याच्यामागे घरात कुणी कुणाची थट्टा करेना. बदरियाला एक-दोन मागण्या आल्या, तिनेच नकार दिला. "आईला कोण बघेल?" म्हणायची. त्या दिवसाबद्दल तिने आईला एका शब्दाने कधी दुखवलं नाही. जलीला वाट बघायची, पोर एकदा तरी भांडेल, शिव्या देईल. पोर तिच्यासाठी चहा करायची, पाय चेपायची आणि गप्प राहायची.

पुढे एका वर्षी तिघा भावांतल्या धाकट्याला, सालिमला, मुलगी झाली. सातव्या दिवशी तो म्हणाला, "आई, तोफ काढूया ना. स्टीलच्या डब्यावर चमचा बडवून कसला सातवा दिवस?"

"तो नको," म्हातारी जलीला म्हणाली.

बदरिया स्टुलावर चढली आणि तिने मला उतरवलं. लिंबू आणि राख लावून घासलं. त्या आक्रसलेल्या, खरबरीत हातांनी मी पहिल्यांदाच घासला जात होतो. मला गुदगुल्या झाल्या नाहीत.

बाळ चाळणीत निजलं होतं. बायका जमल्या. आत्याचा मान म्हणून बत्ता बदरियाच्या हातात आला. तिने वाजवलं. इतक्या वर्षांनीही माझा आवाज फुटला नव्हता. बाळ दचकलं. सगळ्या बायका पुढचं वाक्य ऐकायला थांबल्या. बदरियाने एक हात माझ्या काठावर ठेवून मला गप्प केलं आणि बाळाच्या कानाशी वाकली.

"आईचं ऐक गं बाई. बापाचंही ऐक. पण चटका लागला की ऊठ. कुणी उठवेल म्हणून बसून राहू नकोस. भाकरी फुगो नाहीतर न फुगो, तू ऊठ."

नव्या सुनांना काही कळलं नाही, त्या हसल्या. जलीला भिंतीशी बसली होती. ती हातांवर रेलत उठली, पोरीजवळ येऊन बसली आणि तिचा बत्ता धरलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"मला एक हाक मारायची होतीस गं. दोन घरं पलीकडे तर होते."

बदरियाने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मारली होती, आई. खूप मारल्या. पण तिकडे हा वाजत होता."

जलीला त्याच उन्हाळ्यात गेली. मी पुन्हा फळीवर आहे, या वेळी उताणा, म्हणजे आढ्याकडे बघत असतो. बत्ता माझ्या पोटात आहे. तो अजूनही काही बोलत नाही, आणि आता मला त्याचा राग येत नाही. कालव्याकाठी सैतानी खिल्लाच्या पांढऱ्या छत्र्या दर वर्षी उगवतात आणि वाळून झडतात. तिची बी कुणी वेचत नाही. तिच्यातलं औषध खरं आहे, तेव्हा कुणी जाणतं आलं तर त्याने ती अवश्य वेचावी, नीट माप घेऊन.

आणि माझं एक मागणं. आनंदाचा दिवस आला तर मला खुशाल उतरवा, घासा, वाजवा. पण वाजवताना मधूनमधून थांबत जा, आणि शेजारच्या अंगणातून कुणी हाक मारतंय का, तेवढं ऐका.